रोमा आश्रयार्थी : राजकीय व वृत्तमाध्यमीय प्रतिमा

मध्य व पूर्व युरोपातून १९९० नंतर पश्चिम युरोपात व कॅनडात आश्रय मागणाऱ्या रोमांचे (‘जिप्सी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्पसंख्य समाजाचे), राजकारण, प्रशासन व वृत्तमाध्यमे यांनी रूढ केलेले चित्र. ‘लोंढा’, ‘खोटे निर्वासित’, ‘सरकारी भत्त्यासाठी आलेले’ हे त्यातील ठरीव शब्द.

या चित्राचा आरंभ बहुधा १९९७ पासून सांगितला जातो. तथापि १९९२ हे वर्ष धरणे अधिक सयुक्तिक होय. त्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील रोस्टॉक-लिख्टेनहागेन येथे आश्रयार्थींच्या इमारतीवर जमावाने अनेक दिवस हल्ले केले. त्यापूर्वी रुमानियातून आलेल्या अनेक रोमांना जागेअभावी इमारतीबाहेर उघड्यावर राहावे लागले होते. त्यातून झालेल्या अस्वच्छतेचा दोष प्रशासनाच्या हलगर्जीपणाला न देता त्यांच्या स्वभावाला दिला गेला. १९९३ मध्ये जर्मन राज्यघटनेतील आश्रयाचा हक्कच आकुंचित झाला.

ऑगस्ट १९९७ मध्ये ‘टीव्ही नोव्हा’ या चेक वाहिनीने कॅनडात स्थिरावलेल्या रोमांवर कार्यक्रम दाखविला. त्यानंतर कॅनडात व इंग्लंडच्या डोव्हर बंदरात येणाऱ्या रोमांची संख्या वाढली, आणि ऑक्टोबरमध्ये कॅनडाने चेक नागरिकांवर व्हिसाची अट पुन्हा घातली. दूरचित्रवाणीने लोकांना भुलवले, हे स्पष्टीकरण तेव्हापासून वारंवार दिले जाते. परंतु चेक देशात स्किनहेड (मुंडण केलेल्या वंशद्वेषी तरुणांच्या) टोळ्यांचे हल्ले आधीपासूनच चालू होते, आणि तेथील ओस्त्रावा शहरातील एका विभागाच्या महापौरांनी घर सोडून जाणाऱ्या रोमांना विमानभाड्याचा वाटा देऊ केला होता. कार्यक्रम हे फार तर निमित्त म्हणता येईल.

‘खोटे’ या विशेषणात कायद्याचा विपर्यास आहे. १९५१ च्या जिनीव्हा करारानुसार पाहायचे असते ते छळाच्या भीतीला आधार आहे की नाही एवढेच. अर्ज फेटाळला गेला वा मागे घेतला म्हणून तो लबाडीचा ठरत नाही. शिवाय वंशामुळे शाळा, घर व काम नाकारले जात असेल, तर दारिद्र्य हेही छळाचेच अंग असू शकते. तरीही कॅनडाचे मंत्री जेसन केनी यांनी हंगेरीतील रोमांचे मागे घेतलेले अर्ज फसवणुकीचा पुरावा म्हणून मांडले. २०१२ च्या कायद्याखाली हंगेरीचा समावेश ‘निर्दिष्ट देशां’त (आश्रयार्थींच्या दृष्टीने सुरक्षित मानलेल्या देशांत) झाला, आणि जानेवारी २०१३ मध्ये हंगेरीतील मिश्कोल्त्स शहरात इच्छुकांना परावृत्त करणारे कॅनडा सरकारचे फलक लागले. ही यादी २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली.

प्रशासकीय भाषेचे सर्वांत गंभीर उदाहरण बेल्जियममधील आहे. घेंट पोलिसांनी १९९९ मध्ये अर्जाची कागदपत्रे पूर्ण करायची आहेत असे कळवून स्लोव्हाक रोमांना बोलावले आणि अटक करून परत पाठविले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये ही सामूहिक हकालपट्टी ठरविली. प्राग विमानतळावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी रोमा प्रवाशांची इतरांपेक्षा अधिक संशयाने केलेली तपासणी वंशभेदी असल्याचा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने) २००४ मध्ये दिला.