एन्कोडरचं इनपुट रिझोल्यूशन वेगळं, स्ट्रीमचं वेगळं

नेटवर्कवर व्हिडिओ पाठवणाऱ्या एन्कोडरच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन दोन ठिकाणी दिसतं, एकदा इनपुटखाली आणि एकदा स्ट्रीमखाली. बऱ्याचदा दोन्हीकडे १९२०×१०८० असंच लिहिलेलं असतं. म्हणून दोन्ही एकच समजून, चित्र बिघडलं की लोक स्ट्रीमचं माप आणि बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते) बदलत बसतात. दोष इनपुटकडे असेल तर त्याने काडीचाही फरक पडत नाही.

स्ट्रीमचं रिझोल्यूशन आपण निवडायचं. पाहणाऱ्यांचं इंटरनेट आणि परवडणारा बिटरेट बघून १२८०×७२० ठेवायचं की पूर्ण १९२०×१०८०, ते ठरवायचं. आलेलं चित्र एन्कोडर त्या मापात बसवतो, दाबतो आणि पाठवतो. इथे चुकलं तर अक्षरं पुसट होतात, हालचालीत चौकोन दिसतात किंवा स्ट्रीम अडखळतो. पण चित्राचा काठ कापला जात नाही.

इनपुट रिझोल्यूशन म्हणजे समोरचं यंत्र खरोखर काय पाठवतंय त्याची नोंद, आणि ती नुसत्या रुंदी-उंचीने पुरी होत नाही. ६० हर्ट्झच्या नेहमीच्या १९२०×१०८० सिग्नलची पूर्ण चौकट २२००×११२५ असते. चित्राबाहेरच्या भागाला ब्लँकिंग म्हणतात. चित्र संपल्यावरची मोकळी जागा (फ्रंट पोर्च), नवी ओळ किंवा चौकट सुरू होण्याची खूण (सिंक) आणि त्यानंतर चित्र सुरू होईपर्यंतची जागा (बॅक पोर्च) त्यातच येतात. २२००×११२५×६० केलं की १४८.५ मेगाहर्ट्झ हा पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल जातात तो वेग, निघतो. कस्टम इनपुटच्या, म्हणजे आकडे स्वतः भरायच्या, फॉर्ममध्ये हेच सगळे आकडे मागितलेले असतात.

खरा घोळ व्हीजीए या जुन्या व्हिडिओ केबलमध्ये होतो. जुनी वैद्यकीय आणि औद्योगिक यंत्रं, वर्गातले जुने संगणक अजून याच केबलवर आहेत. या केबलमधून रंगांचे अ‍ॅनलॉग सिग्नल आणि सिंक येतात. चित्र नेमकं कुठे सुरू होतं, हे त्यात कुठेच सांगितलेलं नसतं. एन्कोडर सिंकची वारंवारता आणि ओळी मोजतो आणि आपल्या तक्त्यातला जवळचा मोड, म्हणजे अशा आकड्यांचा ठरलेला संच, लावतो.

१३६६×७६८ आणि १३६०×७६८ ही जोडी घ्या. प्रमाणित टायमिंगमध्ये दोन्हींचा पिक्सेल क्लॉक ८५.५ मेगाहर्ट्झ, दोन्हींची पूर्ण रुंदी १७९२ पिक्सेल. फरक आहे तो एकूण ओळींत, ७९८ आणि ७९५. तक्त्यात १३६६ नसेल तर एन्कोडर सहज १३६० धरतो. आता सिंकच्या सुरुवातीपासून मोजा: १३६६चं चित्र ३५६ पिक्सेलांनंतर सुरू होतं, १३६०चं ३६८ नंतर. म्हणजे डावीकडचे १२ पिक्सेल गेले आणि उजवीकडे ६ पिक्सेलांची काळी पट्टी आली. उभ्या दिशेनेही तसंच, वर ३ काळ्या ओळी आणि खालच्या ३ गायब. स्ट्रीमचा दर्जा कितीही वाढवला तरी हे १२ पिक्सेल परत येणार नाहीत, कारण ते एन्कोडिंगपर्यंत पोचलेलेच नसतात.

यावर उपाय म्हणजे कस्टम मोड. आडवे आकडे १३६६, फ्रंट पोर्च ७०, सिंक १४३, बॅक पोर्च २१३. उभे ७६८, ३, ३, २४. बेरीज १७९२ आणि ७९८ येते ना, हे सेव्ह करण्याआधी तपासा. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये टायमिंगचा तक्ता असेल तर आकडे तिथूनच घ्या, अंदाजाने भरू नका.

एचडीएमआय आणि डीव्हीआयमध्ये हा त्रास फारसा नसतो. चित्राचे पिक्सेल कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे डिजिटल सिग्नलमध्येच कळतं, त्यामुळे एन्कोडर ते सरळ मोजतो. तिथे कस्टम माप हवं असेल तर एन्कोडरच्या ईडीआयडीमध्ये लिहावं लागतं. ईडीआयडी म्हणजे आपल्याला काय चालतं हे एन्कोडर ज्यात सांगतो ती माहिती. तिचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो आणि केबल जोडली की समोरचं यंत्र तो वाचतं. म्हणून ईडीआयडी बदलल्यावर केबल काढून पुन्हा लावा.

विंडोजच्या प्रगत डिस्प्ले सेटिंगमध्ये डेस्कटॉपचं आणि प्रत्यक्ष सिग्नलचं अशी दोन रिझोल्यूशन्स वेगवेगळी दिसतात. एन्कोडरला पोचतं ते प्रत्यक्ष सिग्नलचं, तेव्हा जुळवायचं ते त्याच्याशी. मग पडद्याच्या चारही कडांना एक पिक्सेलची पांढरी रेघ असलेलं चित्र पूर्ण पडद्यावर लावा आणि स्ट्रीम इनपुटच्याच मापाचा ठेवून बघा. चारही रेघा दिसल्या की इनपुट बरोबर बसलं. बिटरेटला हात लावायचा तो त्यानंतर.