इमेजनेट रूलेट

२०१९ मधलं एआय वापरून केलेलं कलाकाम, अमेरिकन कलाकार ट्रेव्हर पॅगलन आणि संशोधक केट क्रॉफर्ड यांचं. मिलानच्या 'ट्रेनिंग ह्युमन्स' प्रदर्शनात ते मांडलं होतं, शिवाय वेबसाइटवर कुणालाही वापरून बघता यायचं. आपला फोटो टाकायचा, चेहऱ्याभोवती हिरवी चौकट यायची आणि तिच्यावर एक शब्द. एका कृष्णवर्णीय तरुणाच्या हसऱ्या फोटोवर 'गुन्हेगार' अशा अर्थाचा शब्द आला आणि त्याची बातमी झाली.

हे शब्द कलाकारांनी घातलेले नव्हते, मुद्दा तोच आहे. ते आले इमेजनेटमधून. इमेजनेट हा संगणकाला चित्रं ओळखायला शिकवण्यासाठी केलेला साधारण १ कोटी ४० लाख फोटोंचा संग्रह, २००९ मध्ये जाहीर झालेला, आणि त्यातले कप्पे वर्डनेट या शब्दसंग्रहातून घेतलेत जो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्याकडे सुरू झाला (बहुतेक ठिकाणी १९८५ साल धरतात). वर्डनेटमधली नामं घ्यायची, इंटरनेटवरून त्या त्या नावाचे फोटो गोळा करायचे आणि मेकॅनिकल टर्क या छोटी कामं पैसे देऊन करून घ्यायच्या ॲमेझॉनच्या वेबसाइटवरच्या कामगारांकडून ते तपासून घ्यायचे अशी पद्धत. सफरचंदापर्यंत हे चालून जातं, पण माणसांच्या कप्प्यांत 'कर्जदार', 'ढोंगी' असेही शब्द होते आणि कर्ज काय कपाळावर लिहिलेलं असतं का? शब्दकोशात नाम आहे म्हणजे त्याचं चित्रही असणार हे गृहीतच चुकीचं, आणि रूलेटनं ते ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर दाखवलं.

१७ सप्टेंबर २०१९ ला इमेजनेटच्या टीमनं सांगितलं की माणसांच्या २,८३२ उपकप्प्यांपैकी १,५९३ अयोग्य वाटतात, त्यातले सुमारे ६ लाख फोटो काढणार. याचं श्रेय बरेच जण रूलेटला देतात. टीमचं म्हणणं असं की हे काम आधीपासूनच चालू होतं आणि पूर्ण संग्रहाचं डाउनलोड जानेवारीतच बंद केलं होतं. तारखा पाहता टीमचं म्हणणं जास्त पटतं, तरी हा विषय संशोधकांच्या बाहेर सामान्य माणसापर्यंत नेला तो रूलेटनंच, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याच महिन्याच्या अखेरीस वेबसाइट बंद केली गेली.

टीका कलाकारांवरही झाली. जाफे हा जपानी स्त्रियांच्या चेहऱ्यांचा १९९८ मधला संग्रह, त्यातले फोटो मिलानच्या प्रदर्शनात संमती न घेता लावले अशी तक्रार तो संग्रह करणाऱ्यांपैकी मायकल लायन्स यांनी केली. ही तक्रार रास्त आहे. लंडनच्या बार्बिकन या कलाकेंद्रात त्याच काळात पॅगलनचं वेगळं काम होतं, इमेजनेटमधले सुमारे ३०,००० फोटो छापून एका लांब वाकड्या भिंतीवर टाचलेले, सुरुवात सफरचंदापासून.