अतिकृष्ण पदार्थ

ज्या पदार्थांवर पडलेला दृश्य प्रकाश जवळजवळ संपूर्ण शोषला जातो आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी प्रकाश परत फिरतो, त्यांना अतिकृष्ण पदार्थ म्हणतात. साधा काळा रंग डोळ्यांना पूर्ण काळा वाटला, तरी तो सुमारे ५ टक्के प्रकाश परावर्तित करतो आणि तेवढ्याच आधारावर काळ्या वस्तूचा गोलावा, घडी किंवा ओरखडा आपल्याला ओळखता येतो. अतिकृष्ण पृष्ठावर हा आधारच उरत नाही. हे काळेपण रंगद्रव्यापेक्षा पृष्ठाच्या रचनेतून येते, आणि या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

सोलापूर परिसरात ती उघड्या डोळ्यांनी पाहता येते. चैत्र-वैशाखात काळ्या रानाला भेगा पडतात, तेव्हा वरची माती उन्हाने वाळून राखाडी झालेली असते, पण भेग मात्र काळीकुट्ट दिसते. भेगेत शिरलेला प्रकाश दोन्ही भिंतींवर आपटत खाली जातो, प्रत्येक आपटीला त्याचा बराचसा भाग मातीत मुरतो आणि वर येण्याइतका प्रकाश शिल्लक राहत नाही. एका आपटीत ८० टक्के प्रकाश मुरतो असे धरले, तर पाच आपट्यांनंतर मूळ प्रकाशाचा केवळ ०·०३२ टक्के भाग उरतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवली जाणारी फेरीची कृष्णवस्तू (पडलेला सर्व प्रकाश शोषून घेणारी वस्तू) याच तत्त्वावर चालते. दुहेरी भिंतीच्या पोकळ गोलाला आतून काजळीचा लेप दिलेला असतो, त्याला एक बारीक छिद्र असते आणि छिद्रासमोर शंकूसारखा उंचवटा असतो. आदर्श कृष्णवस्तू म्हणून जे काम करते ते हे छिद्र, गोल नव्हे.

पोकळीऐवजी सपाट पृष्ठावर हाच परिणाम कसा साधावा, याचे उत्तर कापडात सापडते. भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या सोलापुरी चादरीचा आणि सोलापुरी टेरी टॉवेलाचा एकाच काळ्या रंगात रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवला, तर टॉवेल अधिक गडद दिसतो, कारण त्याच्या पृष्ठावर ताण्याच्या जादा सुताचे फासे उभे असतात आणि प्रकाश त्यांच्यामध्ये अडकतो. मखमलीत अशा उभ्या धाग्यांची दाट लव असते. लवेवरून हात फिरवला की एका दिशेने ती उजळ आणि उलट दिशेने गर्द दिसते. धाग्यांच्या टोकांकडे पाहताना नजर थेट फटींत उतरते, म्हणून ती बाजू गर्द भासते.

प्रयोगशाळेत तयार होणारे आजचे अतिकृष्ण पदार्थ म्हणजे अशीच, परंतु अतिसूक्ष्म लव होय. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केलेल्या लेपात निकेल-फॉस्फरस मिश्रधातूवर नायट्रिक आम्लाने सूक्ष्म खड्डे पाडले जात. २००८ साली अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक संस्थेत उभ्या कार्बन नॅनोनलिकांचा, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांचा, असा थर तयार झाला, की त्यावरून केवळ ०·०४५ टक्के प्रकाश परत येत होता. २०१४ मध्ये सरे नॅनोसिस्टिम्स या ब्रिटिश कंपनीने ९९·९६५ टक्के प्रकाश शोषणारा व्हँटाब्लॅक जाहीर केला. नलिकांमधील बहुतेक जागा रिकामीच असल्याने थराचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो हे सांगणारा अंक) हवेच्या जवळ जातो. त्यामुळे प्रकाश वरच्या वर न उसळता आत शिरतो, नलिकानलिकांत भटकतो आणि शेवटी उष्णतेत बदलतो. २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नलिका वाढवताना ९९·९९५ टक्के शोषण नोंदवले. त्यांचा मूळ हेतू काळा पदार्थ बनवण्याचा नव्हताच. या थरांची मोठी उणीव म्हणजे बोट लागले तरी लव चिरडते आणि तेवढी जागा उजळ होते.

अतिकृष्ण लेपाचा खरा उपयोग दुर्बिणींत आणि उपग्रहांत होतो. अंधूक तारा टिपताना सूर्याचा किंवा पृथ्वीचा वाट चुकलेला प्रकाश नळीच्या आतल्या भिंतीवरून उसळून संवेदकावर पडतो आणि मूळ प्रतिमा झाकोळते. भिंतीला असा लेप दिला, की तो प्रकाश तेथेच जिरतो. व्हँटाब्लॅक अवकाशात प्रथम गेला तो डिसेंबर २०१५ मध्ये, सिंगापूरच्या केंट रिज-१ या उपग्रहाच्या तारा-शोधकात (ताऱ्यांवरून उपग्रहाची दिशा ठरवणाऱ्या उपकरणात), आणि तो उपग्रह श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी२९ यानाने सोडला होता. प्रारण, म्हणजे प्रकाश व उष्णतेचे किरण, मोजणाऱ्या उपकरणांतही हे लेप वापरतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोलापूरच्या गच्च्यांवर दिसणाऱ्या सौरबंबाच्या नळ्यांना सर्वांत काळा लेप दिला म्हणजे पाणी सर्वांत जास्त तापेल, असे नाही. उत्तम शोषक त्याच तरंगलांबीला उत्तम उत्सर्जकही असतो, हा किरखोफचा नियम आहे. म्हणून अवरक्तातही, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांतही, काळा असलेला लेप मिळवलेली उष्णता बाहेर टाकत राहतो. सौरबंबासाठी सूर्यप्रकाश शोषणारा, पण अवरक्त प्रारण अडवून धरणारा निवडक लेप लागतो.

निसर्गाने ही रचना माणसाच्या फार आधी साधली. नंदनवन पक्ष्यांच्या काही जातींत पिसांच्या उपशाखा वर वळलेल्या असून त्यांच्या फटींत प्रकाश अडकतो, असे २०१८ मध्ये दाखवण्यात आले. खोल समुद्रातील काही माशांच्या त्वचेत मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे कण दाट रचलेले असतात. शिकाऱ्याने टाकलेल्या जैविक उजेडातही असे मासे दिसत नाहीत.

कलेत या पदार्थांनी आकर्षणाइतकाच वादही निर्माण केला. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांना २०१६ मध्ये व्हँटाब्लॅकच्या कलेतील वापराचा एकाधिकार मिळाला. एखादी सामग्री सर्व कलावंतांपैकी एकाच्याच हाती राहावी, ही खेदाचीच गोष्ट होती. ब्रिटिश कलावंत स्टुअर्ट सेंपल यांनी प्रत्युत्तरादाखल कपूर वगळता सर्वांना विकत घेता येतील असे अतिगडद काळे रंग बाजारात आणले. २०१९ मध्ये कलावंत डीमुट स्ट्रेबे यांनी १६·७८ कॅरटचा पिवळा हिरा नॅनोनलिकांनी मढवून प्रदर्शित केला. त्याचे पैलू आणि चमक नाहीशी होऊन जागेवर केवळ एक काळी आकृती दिसत होती. असा लेप दिलेला गोल समोरून पाहिला तर सपाट चकती वाटतो, आणि पाहणारा एक पाऊल बाजूला सरला तरी चकती चकतीच राहते, कारण गोलावा सांगणारी सावली आणि उजेड दोन्ही तेथे नसतात.