वर्दी येऊ नये म्हणून

मुंबई अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच शिडी 90 मीटरपर्यंत जाते, म्हणजे साधारण तिसाव्या मजल्यापर्यंत. लोअर परळचा 'वर्ल्ड वन' 280 मीटरचा आहे. शिवाय शिडीचं ते अवजड वाहन इमारतीच्या पायथ्याशी आणून उभं करायला मोकळी, पक्की जागा लागते. त्या जागेत आपल्याकडे बहुधा गाड्या लावलेल्या असतात.

म्हणजे चाळिसाव्या मजल्यावर आग लागली तर तिच्याशी लढायचं ते इमारतीच्या पोटात आधीपासून जे काही बसवलेलं असेल त्याच्याच बळावर. पाणी, पंप, जिने, दारं हे सगळं तिथे आहे का आणि चालतं का, हे पाहणं हेही अग्निशमन दलाचंच काम आहे.

दलात आगीच्या फोनला 'वर्दी' म्हणतात. वर्दी मिळाली, घंटा वाजली, जवान बंबात चढले, हे दृश्य आपल्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहतं. वर्दी येऊच नये म्हणून चालणारं काम मात्र नकाशांवर, जिन्यांत आणि तळघरातल्या पंपाशेजारी चालतं. मला तेच काम जास्त मोलाचं वाटतं.

त्याची सुरुवात इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधी होते. उंच इमारतीचा आराखडा मंजुरीसाठी येतो तेव्हा अग्निशमन दलाची 'ना हरकत' लागते. घर घेणारा स्वयंपाकघर केवढं, बाल्कनी कुठे, हे पाहतो. अधिकारी पाहतो की बंब इमारतीच्या किती बाजूंनी फिरू शकेल, पोडियमची, म्हणजे इमारतीच्या तळाशी पसरलेल्या चौथऱ्याची, स्लॅब 45 टनांचं वाहन पेलेल का, दोन जिने एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत का, विजेच्या तारांची डक्ट (तारा वर नेणारी उभी पोकळी) जिन्यात तर उघडत नाही ना. काही मजल्यांच्या अंतराने एक 'रेफ्युज एरिया' ठेवावा लागतो. तो एका बाजूने उघडा असतो. वरून उतरणारी माणसं तिथे थांबून श्वास घेऊ शकतात आणि जवान त्यांना तिथून गाठू शकतात. तिथे जुने सोफे, सायकली आणि गणपतीच्या मखराचं सामान रचलेलं मी अनेक इमारतींत पाहिलं आहे.

या सगळ्या अटी कशासाठी, हे समजायला आग कशी वाढते ते पाहायला हवं.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळत असते ती लाकडातून निघालेली वाफ. उष्णतेने घन पदार्थाचे रेणू तुटतात, त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पेट घेतात. त्या ज्वाळेची उष्णता शेजारच्या लाकडावर पडते, तिथून आणखी वायू निघतात, आणि हे चक्र आपलं आपण फिरू लागतं. बंद खोलीत गरम वायू छताखाली साठत जातात. त्या थराचं तापमान 500 ते 600 अंश सेल्सियसच्या घरात गेलं की तो थर वरून खाली, भट्टीच्या छतासारखी, उष्णता ओकू लागतो. मग ज्वाळा न शिवताही खुर्ची, गादी, पडदे, जमिनीवरची चटई यांतून वायू सुटतात आणि अख्खी खोली जवळजवळ एका क्षणी पेटते. याला 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत कुणी जिवंत राहत नाही.

या क्षणापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने दोन दिवाणखाने सजवून पेटवून पाहिले. एकात जुन्या पद्धतीचं लाकडी, सुती सामान होतं आणि दुसऱ्यात आजचा फोमचा सोफा, पॉलिएस्टरचे पडदे. जुन्या खोलीत फ्लॅशओव्हरला 29 मिनिटं लागली. नव्या खोलीत चार मिनिटंही लागली नाहीत. फोम हे मुळात खनिज तेलापासून बनवलेलं, वायूने फुगवलेलं इंधन आहे, आणि आपण ते घराच्या मधोमध ठेवून त्यावर बसतो.

मुंबईच्या रहदारीतून चार मिनिटांत दारात पोहोचणारा बंब नाही. म्हणूनच छताला स्प्रिंकलर हवा. त्याच्या तोंडाशी काचेची करंगळीहून बारीक कुपी असते, आत द्रव आणि एक छोटा बुडबुडा. लाल रंगाची कुपी 68 अंशांना फुटते. द्रव तापून फुगतो, बुडबुडा नाहीसा होतो, मग फुगायला जागाच उरत नाही आणि काच तडकते. त्या क्षणी तिने अडवून धरलेलं पाणी मोकळं होतं. यात वीज नाही, सेन्सर नाही, कुणी बटण दाबायचं नाही. सिनेमात एक फुटला की सगळे एकदम बरसतात, तसं इथे होत नाही. ज्याच्याखाली आग तोच उघडतो. नेहमीच्या वापरातला स्प्रिंकलर 1 बार दाबाला मिनिटाला सुमारे 80 लिटर पाणी सोडतो. खोलीच्या तापमानाच्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला साधारण 2.6 मेगाजूल उष्णता लागते. म्हणजे हे 80 लिटर सगळं वाफेत गेलं तर ते जवळपास साडेतीन मेगावॅट उष्णता गिळू शकेल, आणि भडकलेला मोठा सोफा 2 ते 3 मेगावॅट देतो. प्रत्यक्षात बरंच पाणी वाफ न होता खाली पडतं, पण तेही आजूबाजूचं सामान भिजवून आगीची वाट अडवतं.

तरीही आगीत माणसं मरतात ती बहुतेक वेळा ज्वाळेने नव्हे, धुराने. 29 डिसेंबर 2017 ला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या दोन रेस्टॉरंटना आग लागली. 14 जण गेले. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात सापडले, गुदमरून गेलेले. आगीपासून दूर, पाण्याजवळ, आडोशाला जावं असं त्यांना वाटलं असणार. तसं कुणालाही वाटेल, पण धुराला तिथे यायला वाट होती आणि माणसांना तिथून बाहेर पडायला नव्हती.

धुरातला मुख्य मारेकरी कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, विचार मंदावतात, पायांतलं बळ जातं. दार समोर असूनही माणूस ते उघडू शकत नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना सुती कापड फाडून, भिजवून नाकातोंडाला धरायला लावलं. शाळेत शिकलेलं तिला आठवलं होतं. 17 जण वाचले आणि तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओलं कापड काजळी अडवतं, पीव्हीसी प्लॅस्टिक जळताना निघणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडसारखे पाण्यात विरघळणारे दाहक वायू थोडेफार शोषतं आणि श्वासातली हवा थंड करतं. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यातून आरपार जातो. म्हणून ओल्या कापडाने मिळतात ती काही मिनिटं, आणि ती बाहेर पडण्यासाठी वापरायची असतात.

धूर वर का जातो तेही साधं आहे. 600 अंशांच्या वायूचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या आपल्या नेहमीच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश भरतं. तो वर उसळतो आणि जी उभी पोकळी सापडेल तिचं धुराडं करतो. उंच इमारतीत अशा पोकळ्या पुष्कळ असतात: जिना, लिफ्ट, कचऱ्याची आणि पाइपांची डक्ट, विजेच्या तारांची डक्ट. यातली शेवटची मला सर्वांत घातक वाटते. तारा वरपर्यंत नेताना प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला भोक पाडतात. ते भोक आग सोसणाऱ्या मसाल्याने पुन्हा बुजवायचं असतं. पण नव्या इंटरनेटवाल्याने आपली केबल नेताना ते फोडलं की पुन्हा कोण बुजवतं? मग दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरपेटीतला धूर बाराव्या मजल्यावरच्या झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचतो.

जिन्याला वाचवायची युक्ती मला फार आवडते. बंदिस्त जिन्यात पंख्याने हवा भरून तिथला दाब शेजारच्या लॉबीपेक्षा 50 पास्कलने जास्त ठेवतात. 50 पास्कल म्हणजे पाण्याच्या 5 मिलिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब. ऐकायला नगण्य, पण दोन चौरस मीटरच्या दारावर तो सुमारे 10 किलो वजनाचा जोर देतो. हवा फटींतून सतत जिन्यातून लॉबीकडे वाहत राहते आणि धुराला उलट आत शिरता येत नाही. एकच अट: दारं बंद हवीत. चार मजल्यांवरची फायर डोअर्स, म्हणजे आग-धूर अडवणारी जिन्याची दारं, विटा लावून उघडी ठेवली की दाब निघून जातो आणि पंखा नुसता फिरत राहतो. वारा येत नाही, वृद्धांना दार जड जातं, दूधवाल्याला सोयीचं पडतं, अशी विटेमागची कारणं मी ऐकली आहेत. ती खोटी नाहीत. पण दार आपोआप मिटवणारा क्लोजर चांगल्या प्रतीचा आणि नीट बसवलेला असेल तर वृद्धांनाही ते दार ढकलता येतं, आणि ते करून घेणं आपल्या हातात आहे.

घरातलं साधं दारसुद्धा किती करतं पाहा. वर सांगितलेल्या संस्थेच्याच प्रयोगांत, बाहेर आग असताना बंद दाराच्या झोपायच्या खोलीत तापमान 38 अंशांच्या आसपास राहिलं. दार उघडं असलेल्या खोलीत ते 500 अंशांवर गेलं.

आग लागण्याचं कारण म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा 'शॉर्ट सर्किट' एवढंच छापून येतं. त्या दोन शब्दांखाली निदान तीन वेगळे आजार लपतात. खऱ्या शॉर्ट सर्किटमध्ये दोन तारा एकमेकींना टेकतात, प्रवाह प्रचंड वाढतो आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा खटका, क्षणात पडतो. दुसरा आजार अतिभाराचा. पंखा आणि ट्यूबलाइटसाठी ओढलेल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या तारेवर आता एसी, गिझर आणि इंडक्शन शेगडी आहे. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. एमसीबी सारखा पडतो, मग 'हा पडणार नाही' म्हणून 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवला जातो. एमसीबी तारेला वाचवायला असतो. तो मोठा केला की तारेला वाचवणारं कुणी उरत नाही. तिसरा आजार सैल जोडणीचा, आणि त्याला एमसीबी ओळखतच नाही. दीड टनाचा एसी समजा 8 अँपिअर घेतो. बोर्डातला स्क्रू सैल होऊन तिथे अर्ध्या ओहमचा रोध तयार झाला, तर त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागी 32 वॅट उष्णता निर्माण होते. डाग द्यायचा साधा सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचा असतो. म्हणजे भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या पेटीत कुणीतरी तापलेला सोल्डरिंग आयर्न ठेवून गेल्यासारखं आहे, आणि एसी मात्र मजेत चालू. बोर्ड पिवळा पडला, प्लग हाताला गरम लागला, जळक्या माशासारखा वास आला, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

आता कायद्याकडे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाने यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दर जानेवारी आणि जुलैमध्ये 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, अग्निशमन दलाला द्यायचा असतो. दल तपासणी करतं, नोटीस देतं आणि धोका गंभीर असेल तर इमारतीचं वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार त्याला आहेत. कमला मिल्सनंतर अशा तपासण्यांसाठी अग्निशमन केंद्रांच्या पातळीवर वेगळे कक्षही उभे राहिले. पण मुंबईतल्या इमारती आणि दलातले अधिकारी यांचं प्रमाण पाहता, प्रत्येक जिन्यातली वीट काढायला अधिकारी येणं शक्य नाही.

आपण दाराआड हलगर्जी करतो तेव्हा आत जाणारा कुणीतरी वेगळाच असतो. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. त्यात कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकत्र भरली होती. गासड्यांना लागलेली आग विझवायला गेलेले दलाचे 66 जण त्या दिवशी गेले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. मे 2015 मध्ये काळबादेवीची जुनी इमारत आगीत कोसळली आणि दलाने चार वरिष्ठ अधिकारी गमावले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर त्यांपैकीच एक.

आमच्या सोसायटीत दोन वर्षं फॉर्म बी वेळेवर येत होता. आम्ही समितीवाले तो फाइलला लावत होतो. गेल्या जुलैत मी हट्टाने म्हटलं, आठव्या मजल्यावरचा होज रील, म्हणजे आग विझवायची गुंडाळलेली नळी, माझ्यासमोर उघडा. व्हॉल्व्ह फिरवला आणि वाऱ्याचा नुसता फुसकारा आला. रायझरमधलं, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपातलं, पाणी कायम दाबाखाली असायला हवं. दाब थोडा कमी झाला तर छोटा जॉकी पंप तो भरून काढतो, एकदम पडला तर मोठा पंप सुरू होतो, आणि वीज गेली असेल तर डिझेलचा. आम्ही तळघरात गेलो. पॅनेलवरची चावी 'ऑटो'ऐवजी 'मॅन्युअल'वर होती. एक गळती होती, जॉकी पंप रात्रभर चालू-बंद व्हायचा आणि पहिल्या मजल्यावरच्यांची झोप मोडायची, म्हणून कुणीतरी ती फिरवून ठेवली होती. कधी, ते कुणाला सांगता आलं नाही.

गळती काढायला प्लंबरचे दोन दिवस गेले. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही चौघे आठव्या मजल्यावर जमतो. व्हॉल्व्ह उघडतो. दाबाचा काटा खाली येतो, क्षणभर थांबतो, आणि खालून, नऊ मजल्यांखालून, पंप सुरू झाल्याचा आवाज येतो.