५२ मिमी हे कोणाच्या रोडचं माप हाय? स्केटबोर्डच्या चाकाची जुनी कहाणी

परवा भाच्यानं नवीन बोर्ड आणला, चाकं ५२ मिमी व्यासाची, अन् निघाला नागपुरातल्या अंबाझरीकडं सिमेंट रोडनं. एवढीशी गिट्टी चाकाखाली आली, बोर्ड जागेवर थांबला, पोरगा पुढं गेला. कोपर सोललं. म्हणे मामा, दुकानवाल्यानं तर ५२ स्टँडर्ड आहे म्हणून सांगितलं. आहे ना बाप्पा स्टँडर्ड, पण कुठल्या रोडचं?

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात साईझ वगैरे भानगडच नव्हती, जुने रोलर स्केट तोडायचे अन् त्यांची लोखंडी चाकं फळीखाली ठोकायची. मग ६० च्या दशकात क्लेची चाकं आली, आवाज कमी, पण ग्रिप काहीच नाही अन् खडा आला की लॉक. लोक पडायला लागले, १९६५ च्या आसपास अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांनी बंदी घातली, धंदा बसला.

तो उठला एका पोराच्या नजरेमुळं. १९७० मध्ये फ्रँक नॅसवर्दी नावाचा सर्फर व्हर्जिनियातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका प्लास्टिक कारखान्यात गेला, तिथं युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकची, रोलर स्केटची चाकं पडलेली दिसली. रिंकमधल्या नवशिक्यांसाठी बनवलेली, मऊ म्हणून स्पीडवाल्यांना नको होती. यानं ती बोर्डाला लावली अन् पुढं कॅडिलॅक नावानं विकली. मऊ चाक खड्यावर अडत नाही, दाबून वरून जाते, सगळा खेळ इथंच बदलला. ७० च्या दशकाच्या मध्यावर सीलबंद बेअरिंग आल्या, सुट्या गोळ्या रस्त्यावर सांडणं बंद झालं.

८० च्या दशकात उंच रॅम्पचा जमाना, स्पीड पाहिजे, म्हणून चाकं ६० मिमीच्या पुढं. अन् ९० च्या सुरुवातीला एकदम उलटं, सगळे स्ट्रीटवर फ्लिप मारायला, म्हणजे पायानं बोर्ड हवेत गरकन फिरवायला लागले, बोर्ड हलका पाहिजे, तर चाकं आली ४० मिमीवर अन् त्याच्याही खाली. आता बघा, बेअरिंगच २२ मिमीची, म्हणजे तिच्या भोवती युरेथेन उरलं फक्त ९ मिमी! माझ्या मते अर्धी ती फॅशनच होती. फरशीची फट आली तरी दात वाजत असतील. नंतर हळूहळू ५० ते ५४ वर गाडी थांबली, कडकपणा ९९ए च्या आसपास (हा आकडा जेवढा मोठा, तेवढं चाक कडक). म्हणजे हे माप आलं गुळगुळीत काँक्रीटच्या पार्कातून अन् मॉलच्या पायऱ्यांवरून.

आपल्याकडं काय आहे? सिमेंट रोडला ब्रशच्या रेघा, थोड्या थोड्या अंतरावर कापलेला जॉइंट, कडेला गट्टू, अन् गट्टूवर कुठलंतरी काम चालू असल्यानं पसरलेली गिट्टी. इथं फिरायचं असंल तर ५६ ते ६० मिमी, ७८ए ते ८५ए घ्या, उंची-वजनाचे चार्ट पाहत बसू नका. फक्त मोठं चाक वळताना फळीला घासते, खाली रायझर पॅड, म्हणजे फळी चाकापासून वर उचलणारी जाड पट्टी, टाका नाहीतर परत कोपर.

भाच्याला ५८ मिमी, ७८ए बसवून दिली. जॉइंटवरची टक-टक गेली, आता नुसतं धप-धप वाजते. पण किकफ्लिप फिरून नाही राह्यली म्हणून तोंड फुगवून बसला. शेवटी स्कूटरच्या किटमधला १३ नंबरचा पाना त्याच्या बॅगेत टाकला, सोसायटीच्या पार्किंगमधल्या गुळगुळीत फरशीवर पोचला की खाली बसून ५२ वाली चढवते, घरी निघताना परत ५८.