ती सव्वा कोटी लोकांची यादी नक्की कुणाची होती?

२०२५ ची न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक झाल्यापासून ग्रासरूट (म्हणजे खालून, सामान्य लोकांमधून उभं राहिलेलं राजकारण) हा शब्द परत सगळीकडे दिसायला लागलाय. बोलणारे असं बोलतायत की हे सगळं २०१६ ला व्हर्माँटच्या सिनेटरपासूनच सुरू झालं. तसं नाहीये. शीर्षकातली यादी ओबामांच्या २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारातली. (बाकी नावं मुद्दाम घेत नाही, माणसं सगळ्यांना माहितीच आहेत.)

जुनं पटकन सांगतो. १९३९ मध्ये शिकागोत कत्तलखान्यांच्या मागच्या कामगार वस्तीत चर्च, युनियन, दुकानदार असे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका छत्राखाली आणले गेले. कम्युनिटी ऑर्गनायझिंगची सुरुवात साधारण तिथून धरतात. मग कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांमध्ये घरगुती बैठकांची पद्धत रुजली, म्हणजे एकाच्या घरी शेजारपाजारचे जमणार आणि त्यातलाच कुणीतरी पुढची बैठक आपल्या घरी ठेवणार. आणि ८० च्या दशकात शिकागोच्या साउथ साइडला चर्चच्या आधाराने विशीतला एक मुलगा हेच काम करत होता, तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.

इथे एक शब्दांचा गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. मोबिलायझिंग म्हणजे जे आधीच आपले आहेत त्यांना ईमेल टाकून बाहेर काढायचं, फोन करा, मोर्चाला या, २५ डॉलर द्या. ऑर्गनायझिंग म्हणजे चार माणसांसमोर कधी तोंड न उघडलेल्या बाईला आपल्या गल्लीची टीम चालवायला शिकवायचं. पहिलं आठवड्यात होतं, दुसऱ्याला वर्ष जातं, आणि बातम्यांमध्ये दोन्हीला ग्रासरूटच म्हणतात, त्यामुळे सगळा घोळ.

२००३ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेल्या व्हर्माँटच्या माजी गव्हर्नरांनी इराक युद्धाला विरोध करत इंटरनेटवर लोक जमवले. पैसा आला, गावोगाव मीटअप झाले, मग जानेवारी २००४ मध्ये बाहेरगावचे हजारो स्वयंसेवक केशरी टोप्या घालून आयोवात (पक्षाचा उमेदवार निवडायला जिथून सुरुवात होते ते राज्य) उतरले आणि तिथल्या लोकांना हे कोण पाहुणे आपल्याला शिकवायला आले असं झालं. तिसरा नंबर. उत्साह भरपूर होता, पण शेजारी शेजाऱ्याशी बोलत नव्हता, माझ्या मते खरी चूक तिथे होती.

ओबामांच्या २००८ च्या टीमने हा धडा नीट घेतला. शेतमजुरांच्या लढ्यात काम केलेल्या एका प्राध्यापकांच्या मदतीने स्वयंसेवकांची शिबिरं घेतली. साउथ कॅरोलिनात तर प्रचार ब्युटी पार्लर आणि सलूनमधून केला कारण लोक तिथे बसतात, बोलतात. तिथल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीत, ५५ टक्के मतं पडली. निवडणूक संपेपर्यंत हातात होते १ कोटी ३० लाख ईमेल पत्ते, प्रचाराच्या साइटवर २० लाखांवर प्रोफाइल आणि सुमारे ३५,००० स्थानिक गट.

आणि आता तो निर्णय. या लोकांचं करायचं काय? एक प्रस्ताव होता की वेगळी, स्वतंत्र संस्था काढायची, तिने स्वतःचे पैसे उभे करायचे आणि वेळ पडली तर आपल्याच पक्षाच्या सिनेटरच्या दारातही जाऊन बसायचं. दुसरा प्रस्ताव, सगळं डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय समितीत ठेवायचं. नोव्हेंबरमध्ये समर्थकांना ईमेलवरून सर्व्हे पाठवला, पाच लाखांवर लोकांनी उत्तरं दिली, घराघरात बैठका झाल्या, आणि शपथविधीच्या तीन दिवस आधी, १७ जानेवारी २००९ ला, व्हिडिओतून जाहीर झालं की नवी संघटना पक्षातच राहणार.

बाजू घ्यायची तर दुसऱ्या बाजूलाही कारणं होती. अर्थव्यवस्था कोसळत होती, सिनेटमध्ये एकेक मत मोजून आणायचं होतं, अशा वेळी आपल्याच खासदारांवर आपलेच लोक सोडायचे कसे? पण परिणाम असा झाला की आरोग्य विम्याच्या कायद्यावर सरकारी विम्याचा पर्याय आपल्याच पक्षाच्या काही सिनेटरांनी अडवला तेव्हा या लोकांना काम काय, तर बदलाला पाठिंबा द्या म्हणून फोन करा. कशाला पाठिंबा, ते वरून ठरणार. ज्यांनी गल्लीत टीम चालवली होती त्यांना परत सतरंज्या उचलायला लावलं, दुसरं काय. तिकडे उजवीकडे टी पार्टीवाले (सरकारी खर्च आणि करांविरोधातली चळवळ) खासदारांच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे मतदारांसोबतच्या जाहीर सभांमध्ये जाऊन आरडाओरडा करत होते आणि त्यांना कुणाची परवानगी लागत नव्हती. जानेवारी २०१० मध्ये मॅसॅच्युसेट्सची सिनेटची जागा गेली, नोव्हेंबरमध्ये कनिष्ठ सभागृहातल्या ६३. सगळा दोष त्या एका निर्णयाचा नाही, बेरोजगारीच ९ टक्क्यांच्या वर होती, पण गट विझले होते हे खरंच आहे. २०१३ ला तीच संघटना पक्षाबाहेर काढून स्वतंत्र केली, तोवर गाडी निघून गेली होती. आणि प्रचाराची ईमेल यादी पक्षाच्या नावावर झाली २०१५ मध्ये! म्हणजे माणसं पक्षात अडकवली आणि यादी मात्र बाहेरच.

त्यानंतरचं सगळं पक्षाच्या चौकटीबाहेरच जास्त वाढलं. २०११ ला विस्कॉन्सिनमध्ये युनियनविरोधी कायद्यावरून विधिमंडळाची इमारतच लोकांनी ताब्यात घेतली (गव्हर्नरना परत बोलवायची निवडणूक मात्र २०१२ ला हरले), त्याच वर्षी ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनाचे न्यूयॉर्कच्या पार्कात तंबू ठोकले गेले, २०१६ ला त्या व्हर्माँटच्या सिनेटरला सरासरी २७ डॉलरच्या देणग्या. २०१६ च्या शेवटी संसदेत काम केलेल्या काहीजणांनी एक गाइड लिहून ऑनलाइन टाकलं, त्यात टी पार्टीचीच पद्धत उलटी वापरा असं सरळ लिहिलं होतं, आणि वर्षभरात हजारो गट उभे राहिले. २०१८ ला ब्राँक्स-क्वीन्समध्ये एका माजी बारटेंडर तरुणीने दहा टर्म खासदार असलेल्या, पक्षात वजन असलेल्या माणसाला प्रायमरीत हरवलं.

२०२५ च्या न्यूयॉर्कमध्येही दारोदार फिरणाऱ्यांचं कौतुक झालं, पण मला लक्षात राहिली नंतरची बातमी. निकालानंतर थोड्याच दिवसांत प्रचारातल्या काही लोकांनी वेगळी संस्था काढली, महापौरांच्या आणि पक्षाच्या बाहेर, घरभाडं आणि बालसंगोपन हे मुद्दे लावून धरायला. १७ जानेवारीपर्यंत कुणी थांबलं नाही यावेळी.