दूध-पोळी का पुरत नाही: कुत्र्याच्या घरगुती जेवणाची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत कुत्र्याचं जेवण म्हणजे दूध-पोळी. रामबाग असो की सुदामा नगर, सकाळच्या उरलेल्या पोळ्या कुस्करायच्या, वर दूध ओतायचं, थंडीत जरा कोमट करून द्यायचं. 'आजोबांकडचा मोती यावरच पंधरा वर्षं जगला' असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक कुटुंबात असतं. त्यात खोटं काही नाही, पण मोती नुसत्या दूध-पोळीवर जगत नव्हता. तो दिवसभर मोकळा असायचा. उंदीर-घुशी मारायचा, खाटकाच्या दुकानामागची आतडी आणि कच्ची हाडं खायचा, उकिरडा उपसायचा. घरची पोळी ही त्याच्या आहाराची एक बाजू होती. कुत्रा फ्लॅटमध्ये आला, दारं बंद झाली आणि तोच वाडगा त्याचा सगळा आहार झाला. उणिवा तेव्हा दिसू लागल्या. घरचं अन्न कुत्र्याला वाईट नाही. ते अपुरं आहे, आणि हिशेबाने पुरं करता येतं.

धान्य कुत्र्याला परकं नाही, हे आधी स्पष्ट करायला हवं, कारण 'कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त मांस द्या' हा आग्रह अलीकडे वाढला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत. माणसाच्या वस्तीत राहून कुत्र्याने भाकरी पचवण्याची ताकद कमावली आहे. शेतीवर लिहिणारे जुने रोमन लेखक राखणीच्या कुत्र्याला जवाचं पीठ ताकाच्या निवळीत कालवून द्यायला सांगतात. पारशांच्या धर्मग्रंथातल्या, अवेस्तेच्या, वेंदिदाद या भागात कुत्र्याचं योग्य अन्न म्हणून दूध, चरबी आणि मांस ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. मांस आणि चरबी त्या यादीत आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्याकडे पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचा घास निघतो. इंदुरात त्याला आणखी एक जागा आहे. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, राजवाड्यातलं मंदिर मल्हारी मार्तंडाचं, आणि खंडोबाचा सोबती कुत्रा. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा आणि लसूण असा नैवेद्य होतो आणि कुत्र्यालाही जेवू घालतात. इथे हात आखडायला हवा. कांदा आणि लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि शिजवल्याने, भाजल्याने किंवा वाळवल्याने ती नाहीशी होत नाहीत. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला सुमारे ५० ग्रॅम, धोकादायक ठरतो. लसूण त्याहून तीव्र. त्रास लगेच दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, कुत्रा गळून जातो. तोवर सणाचं जेवण कुणाच्या लक्षातही नसतं. रोडगा कोरडा, थोडं तूप लावून द्यावा. भरीत देवापुढे आणि माणसांपुढे राहू द्यावं.

१८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि शेजारी महूची छावणी वसली. साहेबांची कुत्री छावणीत आली तरी तयार खाद्य हा प्रकार अजून नव्हता. तो १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने सुरू केला: गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि सुकं मांस यांची कडक बिस्किटं. बंदरावर जहाजांची टणक बिस्किटं कुत्री खाताना पाहून त्याला हे सुचलं, असं सांगितलं जातं. कुत्र्यासाठी वेगळं काही विकत घ्यायचं, ही सवय तिथून सुरू झाली.

दूध-पोळीला खरं उत्तर मात्र प्रयोगशाळेतून आलं. एडवर्ड मेलनबी या ब्रिटिश संशोधकाने पिल्लांना बंदिस्त जागेत ठेवून दूध आणि ओटची लापशी, पुढे दूध आणि पाव, अशा आहारावर वाढवलं. पिल्लांचे पाय वाकले. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने रोग टळला. ही मांडणी त्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि मुडदूस आहारातून होतो हे त्यातून कळलं. दूध आणि पाव म्हणजे आपल्याच वाडग्याचा भाऊ. पुढे हेही सिद्ध झालं की कुत्र्याच्या त्वचेत उन्हाने ड जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही. पिल्लाचे पाय वाकताना दिसले की 'सकाळचं ऊन द्या' असा सल्ला मिळतो; माणसाच्या बाळाला तो लागू पडतो, कुत्र्याला ड जीवनसत्त्व अन्नातूनच द्यावं लागतं.

दुसरा धडा मक्याचा आणि माळव्याला जवळचा. अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की मुख्यतः मक्यावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडते, तोंडात जखमा होतात, आणि हा रोग माणसाच्या पेलाग्राचा, म्हणजे मक्यावरच जगणाऱ्यांना होणाऱ्या कुपोषणाच्या रोगाचा, जोडीदार आहे. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी यकृतातून निकोटिनिक आम्ल हे ब गटातलं जीवनसत्त्व वेगळं काढून त्याने काळी जीभ बरी केली. पावसाळ्यात मका स्वस्त म्हणून महिनोन्‌महिने फक्त मक्याची रोटी घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तयार खाद्याचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत डबाबंद मांस आलं, दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली तेव्हा कोरड्या खाद्याने जागा घेतली, आणि १९५७ पासून दाबयंत्रातून फुगवलेले दाणे दुकानांत दिसू लागले. पथ्याच्या डबाबंद खाद्याचा उगम मात्र घरगुती स्वयंपाकात आहे. १९३९ च्या सुमारास मार्क मॉरिस या पशुवैद्याने मूत्रपिंड बिघडलेल्या अंध माणसाला वाट दाखवणाऱ्या एका कुत्रीसाठी कमी प्रथिनांचं जेवण घरी शिजवून बाटल्यांत भरायला सुरुवात केली. १९४८ मध्ये ते कारखान्यात गेलं. मग २००७ मध्ये मेलामाइन हे कारखान्यातलं रसायन मिसळलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमुळे (चिकट प्रथिनामुळे) अमेरिकेत पाळीव प्राण्यांचं खाद्य मोठ्या प्रमाणावर परत घ्यावं लागलं, आणि धास्तावलेले लोक पुन्हा चुलीकडे वळले. ती परतही सरळ नव्हती: २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी पुस्तकं आणि संकेतस्थळांवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला.

इंदुरात याच काळात रस्ता बदलला. २०१७ मध्ये शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. त्याच्या आगेमागे कचराकुंड्या उठल्या आणि घरोघरी गाडी येऊ लागली. २०२२ पासून ओला कचरा देवगुराडियाच्या ५५० टन क्षमतेच्या बायो-सीएनजी संयंत्रात जातो. शहराच्या दृष्टीने हे उत्तमच झालं. पण मोतीच्या वाडग्याला पूरक असलेला उकिरडा कायमचा गेला. आता गल्लीतला कुत्राही माणसाच्या हातच्या अन्नावर आहे, आणि तो हात बहुतेक वेळा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा फोडतो, म्हणजे मैदा आणि साखर. त्यापेक्षा गव्हाचा दलिया आणि कोंबडीचे पंजे कुकरमध्ये एकत्र, हाड बोटांत चुरडेल इतके शिजवून द्यावेत. अर्धवट शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि आतड्याला लागतं. खाऊ घालण्याची जागा कुठे असावी, यासाठी २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तरतूद आहे: मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर.

आता घरातल्या कुत्र्याचा हिशेब. वजन किलोत घ्या, त्याचा घन करा, त्याचं वर्गमूळ काढा, आलेल्या आकड्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. १० किलोसाठी १०००, मग ३१.६, मग ५.६, म्हणजे सुमारे ३९५ किलोकॅलरी. ही नुसत्या विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी १.६ ने गुणलं की सुमारे ६३०.

याच कुत्र्याला ३ पोळ्या (१०५ ग्रॅम कणीक) आणि ३०० मिलिलिटर दूध दिलं तर ऊर्जा ५५० च्या आसपास येते आणि पोट भरलेलं दिसतं. पण कॅल्शियम ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास, गरज ८०० ची. फॉस्फरस त्याहून जास्त, म्हणजे प्रमाण उलटं. जस्त सुमारे ४ मिलिग्रॅम, लागतं १२ ते १३. त्यातही कोंड्यातलं फायटेट बरंचसं जस्त अडवून ठेवतं. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरल्या की लोक खरजेचं औषध लावतात. पुष्कळदा कारण ताटात असतं. शिवाय प्रौढ कुत्र्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी असल्याने दुधाने जुलाब होतात. दही त्यापेक्षा सोसतं.

त्याच १० किलोच्या कुत्र्यासाठी एका दिवसाचं प्रमाण असं धरावं: बिनहाडाचं, कातडी काढलेलं चिकन २०० ग्रॅम, कोंबडीची कलेजी २० ग्रॅम, तांदूळ ७० ग्रॅम, लाल भोपळा किंवा गाजर ८० ग्रॅम, करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल १ चहाचा चमचा, एक दिवसाआड १ उकडलेलं अंडं. मांस, तांदूळ आणि भाजीची वजनं कच्ची, आणि ती काट्यावरच. वाटीने मोजलं की तांदूळ दर आठवड्याला थोडा वाढतो, चिकन थोडं घटतं, आणि सहा महिन्यांनी पाककृती वेगळीच झालेली असते. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, एक शिट्टी अधिक काढून मऊ करावा. तेल आणि अंड्याच्या टरफलाची पूड गॅस बंद केल्यावर मिसळावी. हळद, तिखट, फोडणी काही नको.

टरफलाची पूड यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. चिकनमध्ये कॅल्शियमच्या सतराएक पट फॉस्फरस असतो. चिकन-भात घालणारी घरं आपण दूध-पोळीपेक्षा चांगलं देतो असं समजतात, पण कॅल्शियमच्या बाबतीत तो वाडगा आणखी वाईट असतो. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढतं. पिल्लांत पाय वाकतात, किरकोळ उडीने हाड मोडतं. टरफलं धुऊन १० मिनिटं उकळावी, कडक वाळवावी, मिक्सरमधून काढून मैद्याच्या चाळणीने चाळावी. भरड राहिली तर तशीच बाहेर पडते. १ ग्रॅम पुडीत साधारण ०.३८ ग्रॅम कॅल्शियम. वरच्या प्रमाणाला अडीच ग्रॅम, म्हणजे अर्धा चहाचा चमचा पुरे. मोठ्या जातीच्या पिल्लाला अंदाजाने जास्त घालू नये, कारण जादा कॅल्शियमनेही त्यांची हाडं वेडीवाकडी वाढतात.

एवढं करूनही जस्त निम्म्याखालीच राहतं. आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वंही अपुरी. ती पुरवणी पशुवैद्याकडून वजनानुसार ठरवून घ्यावी. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५५ पासूनचं, हाकेच्या अंतरावर आहे. कलेजी वाढवून हे भरून निघत नाही. रोज मोठ्या प्रमाणात दिली तर अ जीवनसत्त्व साचून सांधे आखडतात.

घरात मांस शिजत नसेल तर चिकन-कलेजीऐवजी ६० ग्रॅम पनीर आणि रोज २ उकडलेली अंडी, तांदूळ ६० ग्रॅम, तेल अर्धा चमचा, आणि पनीरमध्ये कॅल्शियम असल्यामुळे पूड दीड ग्रॅम. अंडं कच्चं देऊ नये, कारण पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन बायोटिन अडकवतं. अंडंही नसेल तर घरच्या घरी जुळवाजुळव करू नये, सल्ला घेऊनच आहार ठरवावा.

शिजवलेलं अन्न फ्रिजमध्ये तीन दिवस. मे महिन्यात वाडगा तासाभराहून जास्त बाहेर ठेवला की भातात विषारी जिवाणू वाढतात. जुन्या जेवणावरून नव्यावर आठवड्याभरात, दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा बदलत यावं. पंधरा दिवसांनी वजन करावं. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना उठून दिसता कामा नयेत.

खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, १ अंडं, उकडून पिळलेला लाल भोपळा १०० ग्रॅम आणि बिनमिठाचा शेंगदाण्याचा कूट १० ग्रॅम घट्ट मळावं. कणीक वगळली तर ज्वारी लाटताना तुटते. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापले की शंभरएक तुकडे होतात, प्रत्येकी सुमारे १० किलोकॅलरीचे. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहा. १५० अंशांवर ३५ मिनिटं भाजून, उलटून, बंद ओव्हनमध्ये तासभर सुकू द्यावेत. मोडताना टक् आवाज यायला हवा. मधे मऊ राहिले तर पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी धरते, आणि ती दिसणारा तुकडा काढून बाकीचे वापरणं चूक. कुबट वासाचे शेंगदाणे तर कुटायलाच घेऊ नयेत. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजण्याने पुरतं जात नाही आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार नाजूक. तयार शेंगदाणा लोणी वापरायचं तर डब्यावर झायलिटॉल, म्हणजे कुत्र्याला विषारी असलेला साखरेचा पर्याय, नाही ना ते पाहावं. शिऱ्यातले मनुके, चॉकलेट आणि पोह्यांवरची शेव आणि जीरावण मसाला यांतलं काहीही खाऊ म्हणून देऊ नये. चिकनच्या पट्ट्या वाळवायच्या असतील तर आधी वाफवून आतून ७४ अंशांपर्यंत नेऊन मगच ओव्हनमध्ये सुकवाव्यात. गच्चीवरच्या उन्हात कच्च्या पट्ट्या तासन्‌तास जिवाणूंना सोयीच्या उष्णतेत राहतात. त्या वाळतात, पण सुरक्षित होत नाहीत.